उलट्या क्रमाचा अविभक्त वारसा

बापाचे डोळे, आईचा रंग आणि आजीचें नाक, असें मुलाचें वर्णन आपण घरोघर ऐकतों. वारशाचे गुण एकगठ्ठा येत नाहींत, दर पिढीस त्यांची नव्यानें वांटणी होते, हें या बोलण्यांत गृहीतच असतें. परंतु जे गुण परस्परांवांचून निरुपयोगी, त्यांचीही अशी वांटणी झाली तर? या अडचणींतून एका रानफुलानें काढलेला मार्ग जाणून घेण्यासारखा आहे.

हें फूल उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांतलें. झऱ्याओढ्यांच्या ओलींत उगवणारें, पिवळें, घशाशीं तांबडे ठिपके असलेलें. त्यांत माकडाचें तोंड दिसतें म्हणून तिकडील लोक त्यास ‘माकडफूल’ म्हणतात; मिम्युलस गटॅटस हें त्याचें शास्त्रीय नांव. कॅलिफोर्नियांत पाऊस हिवाळ्यांत पडतो आणि अंतर्भागांतील उन्हाळा अगदीं कोरडा जातो. तेथील रोप घाईनें वाढतें, लवकर फुलतें आणि बीज टाकून ओल आटतांच मरतें. समुद्रकांठीं मात्र उन्हाळ्यांतही धुक्याचा ओलावा असतो. तेथील रोप जमिनीलगत धांवते फुटवे पसरतें, उशिरां फुलतें व वर्षानुवर्षें जगतें. यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच फोल आहे. कोरड्या प्रदेशांत सावकाशपणा प्राणघातक. ओल्या किनाऱ्यावर घाई म्हणजे पुढील वर्षांचें नुकसान. परंतु दोहोंची भेसळ झाली, तर रोप धड इकडचें नाहीं, धड तिकडचें नाहीं.

ही भेसळ टळते कशी? गुणसूत्र म्हणजे एक माळ व जनुकें म्हणजे तिचे मणी, अशी कल्पना करावी. बीजपेशी तयार होतांना मातेकडील व पित्याकडील माळा शेजारीं येतात आणि कांहीं तुकड्यांची अदलाबदल करतात. वांटणी होते ती येथें. पण एखाद्या माळेचा मधला तुकडा तुटून उलटा जोडला गेला, तर मणी तेच राहतात, क्रम मात्र बदलतो. अशी माळ सरळ माळेशेजारीं आली असतां त्या भागांतील अदलाबदल बहुधा निष्फळ ठरते. कारण तींतून होणाऱ्या पेशींत कांहीं मणी दुप्पट येतात, कांहीं गळतात, आणि अशा पेशींचा वंश सहसा चालत नाहीं. परिणामीं तो तुकडा अविभक्तपणें पुढील पिढीस पोंचतो. अशी उलटापालट आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनीं १९२१ सालीं फळमाशींत दाखवून दिली होती. मक्यांतील उदाहरण बार्बरा मॅक्लिंटॉक यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें.

माकडफुलांत गुणसूत्रांच्या १४ जोड्या असतात. त्यांतील ८ व्या गुणसूत्रावर असा एक मोठा तुकडा आहे. किनाऱ्याकडील बहुवर्षायू रोपांत त्याचा क्रम एक, अंतर्भागांतील एकवर्षायू रोपांत त्याच्या उलट. डेव्हिड लोरी व जॉन विलिस या संशोधकांनीं पिढ्यान् पिढ्या संकर करून एका प्रकारचा हा तुकडा दुसऱ्या प्रकारांत आणला. बाकीचा वारसा मूळचा, तुकडा तेवढा परका. अशीं रोपें त्यांनीं दोन्ही प्रदेशांतील उघड्या रानांत लावलीं. १९१० नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१० सालीं, त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: फुलण्याची वेळ, रोपाची ठेवण आणि जगणें-वांचणें, या सर्वांवर त्या एका तुकड्याचा परिणाम होतो. सर्वच भेद त्यांत सांठवलेला आहे असें नव्हे; पण त्याचा वांटा मोठा आहे.

अविभक्त इस्टेटीबरोबर जुनें कर्जही अंगावर येतें, तसेंच येथेंही आहे. उलट्या तुकड्यांत एखादें सदोष जनुक अडकलें, तर तेंही सहजासहजीं वेगळें होत नाहीं.

या ज्ञानाचा व्यवहारांत उपयोग आहे. उजाड झालेली जमीन पुन्हां हिरवी करतांना दुरून आणलेलें बीज, तेंही त्याच जातीचें, म्हणून बेधडक पेरलें जातें. नांव तेंच, फूल तेंच. परंतु त्याच्या अंगीं मुरलेलें ऋतूंचें वेळापत्रक मात्र दुसऱ्याच भूमीचें असतें. म्हणून पेरण्यापूर्वीं बीजाची जात विचारावी, तसें त्याचें गांवही विचारावें.