नवे मशीन नाचते? आधी मागचे बोल्ट पाहा

उरणमध्ये नवे वॉशिंग मशीन पहिल्याच धुण्याला खोलीभर नाचू लागले, की गिऱ्हाईक दुकानदाराला धरते. फ्रंट लोड मशीन असल्यास कारागीर बंधूंनी प्रथम मागची बाजू पाहावी. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून कारखान्यात घातलेले बोल्ट पुष्कळदा तसेच राहतात. ते काढून जपून ठेवावेत. घर बदलताना पुन्हा लागतात. मग पाय समतल करावेत. एवढ्या कामासाठी मशीन उघडून गॅरंटी घालवणे व वर मजुरी घेणे ही हलाल कमाई नव्हे!

पाणी हळू भरत असल्यास नळ बंद करून नळीच्या तोंडाची जाळी धुवावी. टाकी १० फूट उंच असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. खाऱ्या हवेने अर्थिंगचा जोड गंजतो. तो तपासल्याशिवाय प्लग लावू नये.