विश्लेषण : धरणात गाळ किती? उत्तर प्रतिध्वनीत

‘माजलगाव धरण ५० टक्के भरले’ अशी बातमी येते, तेव्हा कोणी पाणी मोजलेले नसते. मोजलेली असते पातळी. त्या पातळीला किती साठा, हे तक्त्यावरून ठरते. तळाशी गाळ चढला आणि तक्ता जुनाच राहिला, तर कागदावरचे पाणी प्रत्यक्षात मिळत नाही. सिंदफणेवरील या धरणाची क्षमता ४५४ दलघमी, त्यातील १४२ दलघमी मृतसाठा. गाळ मृतसाठ्यातच बसतो, हा समज अर्धाच खरा आहे. जाड वाळू नदीच्या मुखाशीच, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या जागेतही थांबते.

गाळ कसा मोजतात?

बोटीला इको साउंडर लावतात. तो ध्वनीचा ठोका खाली सोडतो आणि प्रतिध्वनीची वेळ टिपतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर. प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परतला, तर खोली १४.८ मीटर.

खरी गंमत दोन कंपनसंख्या वापरण्यात आहे. सुमारे २०० किलोहर्ट्झचा ध्वनी मऊ गाळाच्या पृष्ठभागावरूनच परततो. ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा मात्र गाळात शिरून खालच्या कठीण थरावर आदळतो. दोन्ही खोल्यांतला फरक म्हणजे गाळाची अंदाजे जाडी.

गाळ कोणता, हेही कळते?

बऱ्याच अंशी. घनता आणि ध्वनीचा वेग यांच्या गुणाकारावर प्रतिध्वनीचा जोर ठरतो. पातळ चिखल जवळजवळ पाण्यासारखाच, म्हणून प्रतिध्वनी क्षीण. वाळू, खडकाचा ठणठणीत. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यालगतचा समुद्रतळ याच तत्त्वावर अभ्यासला आहे. तरीही तळातून प्रत्यक्ष नमुने काढून पडताळणी करावीच लागते. कुजणाऱ्या काडीकचऱ्यातून गाळात वायूचे बुडबुडे साठले, की ते ध्वनी अडवतात आणि यंत्र फसते.

बीडला याचा उपयोग काय?

२०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पुढच्याच वर्षी राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. शेतकऱ्याला हवा असतो बारीक, काळा गाळ. वाळूच्या ट्रॉल्या वावरात टाकून भाड्याचे पैसेही निघत नाहीत. ध्वनी-सर्वेक्षण धरण भरलेले असतानाच होते, उपसा उन्हाळ्यात. त्यामुळे मे महिन्यात जेसीबी कुठे लावायचा, हे आदल्या ऑक्टोबरातच नकाशावर ठरवता येते.