पायी राखलेलं रान

2018च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत वनकर्मचारी जंगलांतून एकूण 5,22,996 किलोमीटर पायी चालले. पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतरही सुमारे 3,84,400 किलोमीटरच आहे. त्याच गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्या कॅमेऱ्यांची नोंद गिनेस बुकात झाली, गाजलीही. चालणाऱ्यांचा गाजावाजा मात्र फारसा झाला नाही. खरं तर वाघ कोणत्या वाटेने जातो हे कुणीतरी आधी पायी फिरून पाहिलेलं असतं, म्हणूनच कॅमेरा योग्य झाडाला बांधता येतो.

हे पाहणारा माणूस म्हणजे वनरक्षक. वनपाल, वनक्षेत्रपाल आणि सगळी साहेबमंडळी त्याच्या वर, सोबतीला वनमजूर. जंगलाचा सगळ्यात लहान तुकडा, म्हणजे एक बीट, त्याच्या नावावर असतं. तिथे झाड तुटलं, सांबर मेलं, वणवा लागला, तर पहिला जाब त्यालाच विचारला जातो.

अमरावती जिल्ह्यातला मेळघाट घ्या. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांपैकी हे एक. क्षेत्र सुमारे 2,768 चौरस किलोमीटर. सातपुड्याच्या उभ्या चढणी, सागाचं रान, सिपना, खापरा, गाडगा अशा नद्यांनी कापलेल्या दऱ्या. कितीतरी ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. अशा आडरानात संरक्षण कुट्या आहेत. वनरक्षक आणि वनमजूर तिथे मुक्कामाला असतात, शिधा बरोबर नेतात आणि बिनतारी संचावरून खबर देतात. वनमजुरांत कोरकू आदिवासी पुष्कळ. लहानपणापासून हेच रान तुडवलेल्या या माणसांइतकी पारखी नजर प्रशिक्षणाने येत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

ठसा वाचणं हे त्या नजरेचं काम. वाटेवर जागोजाग बारीक माती पसरून ठेवलेली असते. सकाळी ऊन तिरपं असताना तिच्यावरचा ठसा उठून दिसतो. पंजाचा ठसा चौकोनी असला तर बहुधा नर, लांबट असला तर मादी. कडा ढासळल्या असतील, आतून मुंग्यांची रांग गेली असेल, तर जनावर जाऊन बराच वेळ झालेला. पुढे सागाच्या बुंध्यावर नखांचे ओरखडे, वाटेच्या कडेला विष्ठा, उकरलेली जमीन. ही प्रत्येक खूण आता ‘एम-स्ट्राइप्स’ प्रणालीत जाते. 2010 मध्ये आलेल्या या प्रणालीत चाललेली वाटही उमटते, त्यामुळे कोणता कोपरा पाहायचा राहिला ते नकाशावरच कळतं.

तीच नजर जमिनीलगत फासाही शोधते. दुचाकीच्या क्लचची तार पाणवठ्याकडे जाणाऱ्या वाटेवर अडकवली की झालं. लावलेली असते रानडुकरासाठी, पण वाघ-बिबटेही तिच्यात सापडतात. जंगलालगतच्या शेतांत वीज सोडलेल्या तारा तर याहून घातक. गस्तीवरच्या माणसालाही त्यांचा तितकाच धोका.

महाराष्ट्रात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम. सागाची वाळलेली पानं जमिनीवर पसरलेली, त्यात मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवतो आणि आग डोंगर चढते. म्हणून हंगामाआधीच जाळरेषा काढतात, म्हणजे गवताचा पट्टा कापून तो आपणच जाळून टाकतात, जेणेकरून वणव्याला पुढे खायला काही उरू नये. तरी तो लागतोच. मग पाला उडवणारे ब्लोअर घेऊन, नाहीतर ओल्या फांद्यांनी झोडपत, माणसं रात्रभर आगीच्या तोंडाशी उभी राहतात.

या कामात जीव जातो. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात, पुढच्या गणनेसाठी खुणा शोधत फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केलं. त्या पायीच चालल्या होत्या, कारण हे सर्वेक्षण गाडीतून होत नाही.

पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन थांबतं, गस्त थांबत नाही. गवत पुरुषभर वाढतं, ओढे फुगतात, जिप्सी गाड्या चिखलात रुततात आणि आता कुणी फिरकणार नाही असा हिशेब शिकारी करतो. त्यामुळे पावसाळी गस्तीचं नियोजन वेगळं होतं, आणि ही गस्त बहुतेक पायीच चालते.