लढाऊ मासा

मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेला वेसावे आहे. तेथे कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तेथे मासा म्हणजे पोटाचा धंदा. होड्या समुद्रात जातात. मासे किनाऱ्याला येतात. बायका पाट्या घेऊन बाजारात बसतात. हा धंदा सर्वांना ठाऊक आहे.

पण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत माशांचा आणखी एक धंदा चालतो. त्यात मासा खायचा नसतो, बघायचा असतो. रस्त्याने जाताना अशी दुकाने दिसतात. आत काचेच्या पेट्या असतात. बाजूला फळीवर लहान लहान बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. एका बाटलीत एकच मासा. बोटाएवढा, लाल नाहीतर निळा, पदरासारखी शेपटी पसरलेला.

गावाहून आलेला भाचा विचारतो, "मामा, हे मासे असे एकेकटे का ठेवलेत?"

मामा सांगतो, "अरे, दोघांना एका बाटलीत ठेवलं, तर सकाळी एकच उरेल!"

हाच लढाऊ मासा. मुंबईत त्याला फायटर म्हणतात. हा मासा घरी कसा पाळतात, त्याची पिले कशी काढतात, आणि त्यात कष्ट किती, हे आपण पाहू या.

हा मासा कोठला?

हा मासा मूळचा थायलंड देशाचा. त्या देशाला पूर्वी सयाम म्हणत. भाताची खाचरे, डबकी, संथ ओहोळ अशा ठिकाणी तो राहतो. कोंबड्यांच्या झुंजी लावतात तशा तेथील लोक या माशांच्या झुंजी लावत. त्यावर पैजा चालत. रेगन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१० साली त्याला बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव दिले. २०१९ साली थायलंडने त्याला आपल्या देशाचा राष्ट्रीय जलचर ठरवले.

दोन नर समोरासमोर आले की कल्ले फुगवतात, पर ताठ करतात आणि एकमेकांचे लचके तोडतात. समोर आरसा धरला, तरी आपल्याच रूपावर धावून जातात. उघड्या पाण्यात हरलेला मासा पळून जातो. म्हणून तेथे सहसा जीव जात नाही. बाटलीत पळायला जागाच नसते. मग तो मरतो. दोष माशाचा नाही, बाटलीचा आहे.

करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजवणे हा आपल्या देशात गुन्हा आहे. तसा कायदा १९६० साली झाला. तो कायदा माशालाही लागू आहे. म्हणून मुलांच्या हट्टापायी किंवा पैजेपायी हे मासे कधीही झुंजवू नका. त्याचे रंग पाहा. तेवढी मौज पुरे आहे.

लहान पाण्यात तो जगतो कसा?

मरळ मासा तुम्ही पाहिला असेल. पाण्याबाहेर काढला तरी मरळ बराच वेळ जिवंत राहतो. कारण त्याला हवेतला श्वास घेता येतो. लढाऊ माशाचेही तसेच आहे. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास पोकळी असते. तो वर येतो, हवेचा घोट घेतो आणि खाली जातो. त्यामुळे कमी प्राणवायूच्या पाण्यातही तो तग धरतो.

पण तग धरणे वेगळे आणि सुखाने राहणे वेगळे. बाटलीतले पाणी लवकर घाण होते. माशाची विष्ठा आणि उरलेले अन्न त्यातच कुजते. मग पर झडतात, अंगावर पांढरे डाग पडतात, मासा मरतो. म्हणून एका माशाला दहा-पंधरा लिटर पाण्याची पेटी असावी. हा मासा उडी मारतो, म्हणून पेटीवर झाकण हवे. पण झाकणाखाली हवेला जागा ठेवावी. काठोकाठ पाणी भरू नये.

पाणी कसे असावे?

मुंबईच्या नळाच्या पाण्यात जंतू मारण्याचे औषध असते. त्याला क्लोरीन म्हणतात. आपल्याला ते पाणी चांगले, पण माशाला ते बाधते. म्हणून नळाचे पाणी पसरट भांड्यात एक दिवस ठेवावे. वर जाळीचे कापड बांधावे. त्यातून वारे जाते, पण डास आत जात नाहीत. औषधाचा वास गेला की ते पाणी वापरावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. पेटीतले चौथा हिस्सा पाणी आठवड्याला काढावे आणि तेवढेच नवे घालावे.

हा मासा उष्ण देशातला आहे. त्याला २६ ते २८ अंश उष्णतेचे पाणी मानवते. मुंबईची हवा त्याला बहुतेक वर्षभर सोसते. पौष-माघात मात्र रात्री पाणी गार होते. तेव्हा पेटी खिडकीपासून दूर ठेवावी.

उपनगरांत रस्त्याच्या कडेला देशी बदामाची झाडे खूप आहेत. त्यांची मोठी पाने लाल होऊन गळतात. थायलंडचे लोक हेच वाळके पान पाण्यात टाकतात. पाणी चहासारखे होते आणि माशाला ते मानवते. पान धूळ-धुराचे नसावे. स्वच्छ धुऊन मगच टाकावे.

खाणे आणि डास

लढाऊ मासा मांसाहारी आहे. डासांच्या अळ्या त्याला फार आवडतात. येथेच एक धोका आहे. काही लोक माशाला अळ्या मिळाव्यात म्हणून पाण्याचे पिंप उघडे ठेवतात. असे कदापि करू नका. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत अळीचा डास होतो. माशाचे पोट भरायला जाल आणि घरातले मूल तापाने फणफणेल!

म्हणून माशाला बाजारात मिळणारे कोरडे खाद्य द्यावे. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. उरलेले काढून टाकावे. मासे उपाशी राहून मरतात त्यापेक्षा जास्त खायला घातल्यामुळे अधिक मरतात.

बापाने वाढवलेली पिले

आता नवलाची गोष्ट ऐका. या माशांत पिलांचा सांभाळ आई करीत नाही, बाप करतो!

नर-मादी पाच-सहा महिन्यांची झाली की पिले काढता येतात. नराचे पर लांब आणि रंग भडक असतात. मादी लहान, आखूड परांची असते. तिचे पोट अंड्यांनी भरले की फुगीर दिसते. आधी आठ-दहा दिवस दोघांना वेगळे ठेवून चांगले खाऊ घालावे.

मग एका पेटीत फक्त चार-पाच बोटे पाणी घ्यावे. थोडी पाणवनस्पती टाकावी, म्हणजे मादीला लपायला जागा होते. पेटीत नर सोडावा. मादीला लगेच मोकळी सोडू नये. कंदिलाची स्वच्छ काच पाण्यात उभी करावी आणि तिच्यात मादी ठेवावी. दोघे एकमेकांना पाहतात, पण नराला तिला चावता येत नाही.

नर पाण्यावर तोंडाने बुडबुडे सोडू लागतो. ते त्याच्या लाळेने चिकट झालेले असतात. साबणाच्या फेसासारखे दिसणारे हेच त्याचे घरटे. घरटे झाले की काच हळूच उचलावी आणि मादीला मोकळे करावे. नर तिला अंगाचा विळखा घालतो. अंडी खाली पडू लागतात. नर ती तोंडात धरून वर नेतो आणि एकेक अंडे फेसात ठेवतो. असे काही तास चालते. कधी शंभर, कधी तीनशेही अंडी होतात.

अंडी घालून झाली की मादीला ताबडतोब बाहेर काढावे. नाहीतर नर तिला मारतो. दीड-दोन दिवसांत अंडी फुटतात. पिले केसाएवढी बारीक असतात आणि घरट्याखाली लोंबतात. एखादे खाली पडले तर बाप त्याला तोंडात धरून वर आणतो. आणखी दोन-तीन दिवसांत पिले आडवी पोहू लागतात. मग बापालाही बाहेर काढावे. त्याचे काम संपले. आता ठेवला तर तो पिलांनाच खाईल.

येथून खरे कष्ट सुरू होतात. पिलांचे तोंड इतके लहान असते की कोरडे खाद्य त्यांना खाता येत नाही. वाळलेले गवत किंवा कोबीचे पान पाण्यात काही दिवस ठेवले की त्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव तयार होतात. हे पाणीही जाळीच्या कापडाने झाकावे. पहिले काही दिवस तेच पिलांचे अन्न. पुढे बारीक जिवंत खाद्य द्यावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिले वर येऊन हवा घेऊ लागतात. त्या वेळी गार वारा लागला तर पुष्कळ मरतात. झाकण काढू नये.

धंदा करायचा तर हिशेब करा

दोनशे पिले म्हणजे पैशाची रास, असे वाटते. पण जरा हिशेब करू.

समजा, २०० पिलांपैकी १०० जगली. त्यांत ५० नर निघाले. तीन महिन्यांचे झाले की ते भांडू लागतात. म्हणजे ५० बाटल्या हव्यात. एका बाटलीत एक लिटर पाणी धरा. एवढ्या लहान बाटलीतले पाणी निदान तिसऱ्या दिवशी बदलावे लागते. म्हणजे तीन दिवसांत ५० लिटर, रोज सुमारे १७ लिटर. एक मोठी बादली! ज्या वस्तीत नळाला दोन तासच पाणी येते, तेथे ही बादली कोणाच्या वाट्याची? बहुधा घरातल्या बाईच्या. हे काम कोण करणार, ते घरात बसून आधी ठरवावे.

दुसरे, गिऱ्हाईक आधी शोधावे. नर विकला जातो. मादीला भाव कमी असतो. दोन-तीन दुकानदारांना भाव विचारूनच जोडी आणावी.

तिसरे, सल्ला घ्यावा. मासे पाळण्याचे शास्त्र शिकवणारी केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था अंधेरीत वेसाव्याजवळच आहे. ती १९६१ साली स्थापन झाली. २०२० साली केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना काढली. घराच्या आवारात शोभेचे मासे वाढवण्यासाठीही तिच्यात मदत ठेवली होती. सध्या कोणती मदत मिळते, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावे. तोंडी ऐकून कर्ज काढू नये.

आणि शेवटचे. मासे नकोसे झाले तर तलावात, विहिरीत, नदीत सोडू नका. काचपेटीतला सकर मासा असाच बाहेर गेला. आज तो उजनी धरणात मासेमारांच्या जाळ्यात सापडतो. त्याला गिऱ्हाईक नाही, उलट तो जाळी फाडतो. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा, किंवा पाळणाऱ्या दुसऱ्या माणसाला द्यावा.

उत्तरे सांगा

१. लढाऊ मासे एकेकटे का ठेवतात?
२. नळाचे पाणी लगेच का वापरू नये?
३. पिलांचा सांभाळ कोण करतो? त्याला केव्हा बाहेर काढावे?
४. ८० नर असतील, तर तीन दिवसांत किती पाणी लागेल? तुमच्या घरी तेवढे पाणी आहे का?