चोथा कोण खातं?

ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, गवारीची भाजी, पेरू... या सगळ्यांत एक भाग असा असतो, जो तुम्हाला पचवताच येत नाही! तो म्हणजे चोथा. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात. जठर, लहान आतडं असा सगळा प्रवास करूनही तो बराचसा जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो.

आणि तिथे त्याच्यावर तुटून पडतात जिवाणू! आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक इथेच. चोथा खाऊन ते ब्यूटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं हे आवडतं इंधन. ते वापरताना पेशी ऑक्सिजनही संपवत राहतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो फारसा उरत नाही. जुलाब लावणाऱ्या साल्मोनेला जिवाणूला ऑक्सिजन मिळाला, की तो जोमाने वाढतो. इथे मात्र त्याची पंचाईत होते!

पण चोथा मिळालाच नाही तर?

महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचं उत्तर जगापुढे मांडलं. त्यांनी पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर घेतले आणि माणसाच्या आतड्यातले १४ जातींचे जिवाणू त्यांच्या पोटात सोडले. मग काही उंदरांना चोथा असलेलं खाणं दिलं, काहींना बिनचोथ्याचं.

आतड्याला आतून एक बुळबुळीत थर असतो. रोगजंतूंना अडवणारी ती आपली तटबंदी. चोथा न मिळालेल्या उंदरांच्या पोटातले भुकेले जिवाणू चक्क हा थरच खाऊ लागले! तो पातळ झाला. नंतर आतड्याचा रोग करणारे जंतू पोटात गेले, तेव्हा हे उंदीर फार आजारी पडले. चोथा खाणाऱ्यांना मात्र तेवढा त्रास झाला नाही.

आणखी एक गंमत ऐका. काही उंदरांना एक दिवस चोथा आणि एक दिवस बिनचोथ्याचं खाणं दिलं होतं. त्यांचाही थर पातळ झाला!

उंदीर आणि माणूस सारखे नसतात, हे खरं. पण चोथा आपल्यालाही हवा, असं डॉक्टर आवर्जून सांगतात. म्हणून पालेभाजी, उसळ, फळं रोज खा. रविवारी खूप खाऊन आठवड्याची भरपाई होत नाही, कारण पोटातल्या जिवाणूंना भूक रोज लागते!