एका संगणकात अनेक संगणक

पानिपत शहराबाहेर काला अंब हे स्मारकस्थान आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची आठवण तेथे जतन केलेली आहे. त्यापूर्वी मराठ्यांची छावणी सुमारे अडीच महिने पानिपतास अडकून पडली होती. सैनिकांबरोबर यात्रेकरू व बाजारबुणगेही होते. रसद तुटली आणि लढाईआधीच उपासमार सुरू झाली. शिपाई कितीही शूर असले, तरी पोसता येतील तितकेच कामास येतात. घरी किंवा शाळेत एकाच संगणकावर अनेक ‘आभासी यंत्रे’ चालवू इच्छिणाऱ्यानेही हाच हिशेब प्रथम मांडावा.

आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या आत आज्ञावलीने उभा केलेला दुसरा संगणक होय. ग्रंथालयाची सूची एका यंत्रात, विद्यार्थ्यांचा सराव दुसऱ्यात ठेवला, तर सरावातील चुकीने सूची बिघडत नाही. ही कल्पना आय.बी.एम. कंपनीच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात मोठ्या संगणकांवर प्रत्यक्षात आणली. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरमध्ये तिला लागणारी खास सोय इंटेलने २००५ मध्ये व ए.एम.डी.ने २००६ मध्ये दिली. जुने यंत्र घेताना ती सोय आहे की नाही, हे आधी पाहावे.

प्रोसेसरचा वेळ वाटून घेता येतो, कारण बहुतेक यंत्रे बराच काळ स्वस्थ असतात. चार गाभ्यांचा प्रोसेसर त्यामुळे पाचसहा हलकी यंत्रे सहज सांभाळतो. रॅमचे, म्हणजे मुख्य स्मृतीचे, तसे नाही. यजमान संगणकास ४, सूचीस ४, सरावास ८ व दस्तऐवजांस ४ गिगाबाइट दिल्यास बेरीज २० होते. येथे १६ अपुरे पडतात. ३२ घेणे शहाणपणाचे. स्मृती संपली की संगणक डिस्कचा आधार घेतो. स्मृतीतून माहिती मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या चकतीवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लक्षपट वेळ! सर्व यंत्रे एकाच वेळी रखडतात ती यामुळेच.

फिरत्या चकतीची अडचण आणखी एक आहे. ती विखुरलेली माहिती सेकंदाला शंभराच्या आसपास वेळाच वाचू शकते. पाच यंत्रांत वाटणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्यास वीस येतात. एस.एस.डी.मध्ये फिरणारा भाग नसल्याने ही संख्या हजारोंनी वाढते. म्हणून आभासी यंत्रे एस.एस.डी.वर ठेवावीत आणि चकतीचा उपयोग साठवणीसाठी करावा.

सर्व्हर अहोरात्र चालतो, हेही विसरू नये. ६० वॅट घेणारे यंत्र वर्षात सुमारे ५२५ युनिट वीज खाते; १५ वॅटचे छोटे यंत्र सुमारे १३१. पानिपतच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथे यंत्राभोवती हवा खेळती हवी. वीज अकस्मात गेल्यास अर्धवट लिहिलेली माहिती बिघडू शकते, म्हणून यू.पी.एस. जोडावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनेक यंत्रे एका पेटीत आली, की ती पेटी बिघडताच सारीच थांबतात. एकसारख्या दोन डिस्क बसवल्याने एक डिस्क निकामी झाली तरी काम चालते; परंतु चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून एकदमच नाहीशी होते. यासाठी दर आठवड्यास एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि तिच्यावरून यंत्र पुन्हा उभे राहते की नाही, हे वर्षातून एकदा तरी करून पाहावे.