प्रतिकृतींचें नामरूप

आपल्या शास्त्रकारांनीं जगांतील प्रत्येक वस्तूचे नाम आणि रूप असे दोन भाग कल्पिले आहेत. हल्लीं पुष्कळ घरांतून मुलें, व क्वचित् त्यांचे वडीलही, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून रणगाडे, चिलखती मोटारी व तोफा यांच्या लहान प्रतिकृति तयार करतात. त्या पाहतांना या विभागाची आठवण आम्हांस वारंवार होते. जोडकामानें व रंगानें प्रतिकृतीस रूप येतें. परंतु ती अमक्या देशाची, अमक्या रिसाल्याची, अमक्या दिवशीं अमक्या रणांत उभी असलेली गाडी आहे, हें सांगणारें नाम तिला येतें तें केसाहून पातळ अशा एका चित्रामुळें. या चित्रास डेकल म्हणतात. त्याचा शोध कसा करावा व तें कसें लावावें, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

डेकल हा एका लांबलचक फ्रेंच शब्दाचा तुकडा असला, तरी वस्तु आपल्या घरांत नवी नाहीं. आजीच्या सिंगर शिवणयंत्राच्या काळ्या अंगावर जी सोनेरी वेलबुट्टी दिसते, ती कोणी कारागिरानें कुंचल्यानें काढलेली नसून अशाच चित्रांनीं उठविलेली व वर वार्निश दिलेली असते. जुन्या सायकलींच्या दांड्यांवरील नांवेंही याच जातीचीं. खालीं शोषक कागद, त्यावर पाण्यांत विरघळणारा खळीसारखा डिंक, त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि त्या पापुद्र्यांत शाई, अशी ही रचना आहे. पाकिटावरचें तिकीट पाण्यांत भिजवून सोडविण्याचा उद्योग ज्यांनीं लहानपणीं केला असेल, त्यांना निराळें सांगावयास नको. फरक इतकाच कीं, येथें कागद टाकून द्यावयाचा व पापुद्रा ठेवावयाचा.

अडचण सुरू होते ती पेटी उघडतांच. पेटींत डेकलांचें एक लहान पान असतें; परंतु पेट्या बहुधा जपान, चीन अथवा युरोप येथील कारखान्यांच्या, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची हौस मुख्यत्वें दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन, अमेरिकन व रशियन वाहनांची. परिणाम असा कीं, आपला मुलगा पहिला रणगाडा जोडतो आणि पेटींत जें सांपडलें तें, म्हणजे जर्मनांचा काळापांढरा क्रूस, त्यावर चिकटवून मोकळा होतो. दहा प्रतिकृति झाल्यावर कोणत्या जर्मन डिव्हिजनची खूण कोणती हें त्याला तोंडपाठ असतें. डेक्कन हॉर्स कोण, हें मात्र ठाऊक नसतें. यांत मुलाचा दोष नाहीं. जें नाम हातीं आलें तेंच त्यानें रूपास दिलें. पण घरांतील वडील माणसांनीं लक्ष घालावें अशी जागा जर कोठें असेल तर ती हीच.

येथें एक खुलासा अवश्य आहे, कारण जर्मन चिन्हांचें नांव निघतांच वृद्ध मंडळी स्वस्तिकाचा प्रश्न करतात. रणगाड्याच्या अंगावर असे तो क्रूस. नाझींचें तें आंकड्यांचें चिन्ह विमानाच्या शेपटावर, किंवा आपल्याच विमानांना ओळख पटावी म्हणून गाडीवर पसरलेल्या निशाणावर दिसे. जर्मनींत कांहीं अपवाद सोडून त्या चिन्हाच्या प्रदर्शनास कायद्यानें बंदी आहे. म्हणून कित्येक कारखानदार आपल्या पानांतून तें गाळतात, किंवा दोन तुकड्यांत छापतात. मंगलकार्यांत आपण पाटाभोंवतीं जें स्वस्तिक रेखितों, त्याचा या प्रकाराशीं आकारापलीकडे संबंध नाहीं, आणि तें मुलांस एकदां नीट सांगून टाकलें म्हणजे पुरे.

आमच्या जालना जिल्ह्यास तर सैनिकी चिन्हांचा विषय परका मानण्याचें कारणच नाहीं. केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यांतील असई गांवीं २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्लीची लढाई झाली. त्या दिवशीं इंग्रजांकडून लढलेल्या पलटणींना आपल्या निशाणावर हत्ती मिरविण्याचा मान मिळाला, आणि आजच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर ढाल-तलवारींसह तोच हत्ती उभा आहे. स्वतंत्र भारताच्या सैन्यानें स्वकीयांविरुद्ध मिळविलेले जुने रणमान बाजूस ठेविले. हत्तीला मात्र कोणी हांकललें नाहीं. आपल्या पराभवाची आठवण म्हणून त्याचें वाईट वाटावें, कीं आपल्या शिवारांतलें जनावर इतकें दूर गेलें याचें कौतुक करावें, हें ठरविणें कठीण आहे. आम्हांस दोन्ही वाटतें.

खुद्द जालन्यास निजामाच्या राज्यांतील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. त्या फौजेच्या घोडदळाचा वारसा ज्या दोन रिसाल्यांकडे आला, ते २० वा व २९ वा रिसाला १९२१ सालीं एकत्र करण्यांत आले, आणि तोच पुढें डेक्कन हॉर्स म्हणून प्रसिद्धीस आला. घोडे गेले, रणगाडे आले. १९४५ सालीं ब्रह्मदेशांत मैक्तिला घेण्याच्या मोहिमेंत या रिसाल्याचे शर्मन रणगाडे होते. आणि सप्टेंबर १९६५ मध्यें पंजाबांतील असल उत्तर येथें पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची जी दाणादाण उडाली, तींतही त्याचे शर्मन लढले. आतां शर्मन हा प्रतिकृतींच्या बाजारांत सर्वांत सुलभ मिळणाऱ्या रणगाड्यांपैकीं एक आहे. रूप सहज मिळतें. नाम आपण शोधावयाचें.

या शोधांत प्रथम छायाचित्र व मग डेकल हा क्रम कधींही उलटा करूं नये. एकाच रिसाल्याच्या १९४५ च्या गाडीवर दोस्त राष्ट्रांचा पांढरा तारा शोभेल. वीस वर्षांनंतरच्या गाडीवर तो काढणें म्हणजे नातवाच्या मुंजींत आजोबांची पत्रिका वाटण्यासारखें आहे. छायाचित्र वाचण्यासाठीं खुणांचें थोडें व्याकरण ठाऊक असावें. इंग्रजी पद्धतीवर वाढलेल्या चिलखती दलांत बुरुजावरील चौकट उभी कोनावर असेल तर ती मुख्यालयाची, त्रिकोण असेल तर 'ए' स्क्वॉड्रनचा, चौरस 'बी'चा व वर्तुळ 'सी'चें. पिवळ्या वर्तुळांतील आंकडा हा गाडीचा क्रमांक नव्हे. पुलावरील पहारेकऱ्यास तिचा भारवर्ग कळावा म्हणून तो असतो. डिव्हिजनचें चिन्ह निराळें: चौथ्या भारतीय डिव्हिजनचा तांबडा गरुड, पांचवीचा तांबडा गोळा, सतरावीचें काळें मांजर. लढाईच्या तोंडावर यांतील पुष्कळशा खुणा शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून पुसल्याही जात. तेव्हां छायाचित्रांत खूण दिसत नसेल तर ती न लावणें हेंच खरें काम होय. रिकाम्या जागेची लाज वाटून ती भरून काढण्याचा मोह नवशिक्यांस फार होतो.

प्रत्यक्ष वाहनें पाहावयाचीं असतील, तर अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) येथें चिलखती दलाचें रणगाडा-संग्रहालय १९९४ पासून आहे, व जालन्याहून मोटारीनें तें एका दिवसांत पाहून येतां येतें. तेथें सुटीच्या दिवसांत मुलांस अवश्य न्यावें. मापें, वळणें, बिजागऱ्या, नांवाची पाटी कोठें बसते, हें सर्व तेथें डोळ्यांनीं कळतें. परंतु कोणत्याही संग्रहालयांतील गाडीवरच्या रंगावर व खुणांवर डोळे मिटून विश्वास टाकूं नये. उन्हापावसांत उभ्या असलेल्या वाहनांस वेळोवेळीं नवा रंग द्यावा लागतो, आणि रंगारी हा इतिहासकार नसतो. रणांतील जुनें, अस्पष्ट छायाचित्र हाच अधिक चांगला साक्षीदार.

एका रणगाड्याचें उदाहरण घेऊं. पुणें येथें १९५० सालीं जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे पूना हॉर्स या रिसाल्यांत होते. हा रिसाला १८१७ सालीं, पेशवाईच्या अखेरच्या काळांत उभारला गेला. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत त्यांचा सेंच्युरियन रणगाडा पेटला. मागें येण्याविषयीं सांगितलें असतां, तोफ चालू आहे तोंवर आपण गाडी सोडणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर देऊन ते लढत राहिले व तेथेंच पडले. वय अवघें एकवीस. त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें. त्या रणगाड्याचें नांव 'फामागुस्ता'. सायप्रस बेटावरील एका शहराचें हें नांव. ती गाडी पुढें अहिल्यानगर येथील चिलखती दलाच्या केंद्रांत जतन करून ठेवण्यांत आली. सेंच्युरियनच्या पेट्या बाजारांत आहेत. पण पेटींतील पानावर इंग्रजी अथवा इस्रायली खुणा सांपडण्याचा संभव अधिक. आतां हा रणगाडा करावयाचा तर रोमन लिपींतील तीं नऊ अक्षरें कोठून तरी आणलींच पाहिजेत. त्यांच्याविना तो केवळ एक सेंच्युरियन आहे, व असे हजारों सेंच्युरियन इंग्लंडांत निघाले.

अक्षरें आणण्याचे मार्ग तीन. परदेशांत केवळ डेकलेंच छापणारे लहान कारखाने आहेत. त्यांचीं पानें टपालानें मागवितां येतात, पण भारतीय खुणा त्यांत विरळा. दुसरा मार्ग उरलेल्या तुकड्यांचा डबा. प्रत्येक पेटींतील निम्मीं डेकलें शिल्लक राहतात. तीं फेकूं नयेत. सुटीं पांढरीं अक्षरें, अंक, पिवळीं वर्तुळें हीं कोणत्याही राष्ट्राचीं असलीं तरी राष्ट्रीयत्व अक्षराला नसतें, जुळणीला असतें. तिसरा मार्ग स्वतः छापण्याचा. डेकलचा कोरा कागद विकत मिळतो व संगणकावरून त्यावर छपाई होते. इन्कजेटची शाई पाण्यांत सुटते म्हणून छापल्यावर पारदर्शक वार्निशाचे दोन पातळ हात द्यावे लागतात. लेसर छपाईस ही भीति कमी. खरी मेख निराळीच आहे: घरगुती छपाईयंत्रांत पांढरी शाई नसते, आणि सैनिकी खुणा निम्म्याहून अधिक पांढऱ्या. त्यासाठीं पांढऱ्या कागदावर अक्षराभोंवतींची भूमि गाडीच्या हिरव्या रंगांत छापावी, किंवा कोऱ्या पत्र्याचा साचा कापून पांढरा रंग हातानें द्यावा. हिरव्याशी हिरवा तंतोतंत जुळत नाहीं, हें आधींच समजून असावें.

माप त्रैराशिकानें निघतें, आणि हें गणित मुलांकडूनच करवावें. मूळ अक्षर तीन इंच उंच असेल तर तें ७६ मिलिमीटर. १/३५ प्रमाणाच्या प्रतिकृतींत तें सुमारें २.२ मिलिमीटर, आणि १/७२ मध्यें जेमतेम १ मिलिमीटर भरेल. वर्गांत अपूर्णांकांस भिणारा मुलगा या कामीं दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत स्वतः जातो, असा आमचा अनुभव आहे.

आतां लावण्याची कृति. रणगाड्याचा रंग निस्तेज असतो, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीं तो खडबडीत असतो. अशा पृष्ठावर डेकल ठेविलें कीं खांचांत हवा कोंडून पापुद्र्याखालीं चंदेरी झांक येते व सारी फसवणूक उघडी पडते. म्हणून आधीं तेवढ्या भागावर चकचकीत वार्निशाचा हात द्यावा व तो एक रात्र वाळूं द्यावा. मग खूण धारदार पात्यानें, भोंवतालचा पारदर्शक भाग होईल तितका छाटून, कापावी. कोमट पाण्यांत दहापंधरा सेकंद बुडवून चिमट्यानें बाहेर काढावी व मिनिटभर तशीच ठेवावी. पाण्यांतच सोडून दिली तर डिंक धुवून जातो. आमच्याकडे कूपनलिकेचें पाणी जड असून वाळल्यावर पांढरे डाग ठेवतें. त्याकरितां मोटारीच्या बॅटरीसाठीं मिळणारें शुद्ध पाणी वापरावें. गाडीवर पाण्याचा एक थेंब ठेवून, कागद टेकवून, ओल्या कुंचल्यानें पापुद्रा कागदावरून गाडीवर सरकवावा. उचलूं नये, सरकवावा. जागीं बसला कीं फडक्याच्या टोंकानें मध्यापासून कडेकडे पाणी टिपावें. वैशाखांत मराठवाड्याच्या कोरड्या हवेंत हें काम पंख्याखालीं बसून करणारास पापुद्रा सरळ करावयास अर्धें मिनिटही मिळत नाहीं. भल्या सकाळची वेळ बरी.

रिव्हेटांचीं डोकीं, सांधे, खांचा यांवर पापुद्रा ताणलेला राहतो. त्यासाठीं दोन प्रकारचे द्राव विकत मिळतात, एक बसविणारा व एक मऊ करणारा. पहिल्यांत व्हिनेगरचा अंश असतो, व निकड पडल्यास पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरवर भागतें. दुसरा तीव्र. तो लावतांच पापुद्र्यास सुरकुत्या पडतात आणि पाहणाराचें धाबें दणाणतें. त्या वेळीं बोट लावूं नये. घटकाभरानें सुरकुत्या आपोआप जिरतात व चित्र रंगाशीं एकजीव होतें. जुन्या पेटींतील पान पिवळें पडलें असेल तर तें खिडकीच्या कांचेस आंतून चिकटवून कांहीं दिवस ऊन द्यावें. पापुद्रा ठिसूळ झाला असल्याची शंका येईल तर आधीं नको असलेली एक खूण पाण्यांत टाकून पाहावी. ती तुकडे होऊन निघाली तर सर्व पानावर वार्निशाचा पातळ हात देऊन मगच पुढें जावें.

सर्व खुणा वाळल्यावर वरून निस्तेज वार्निश द्यावें. त्यानंतर धूळ व चिखल. कित्येकजण गाडी मळवितात पण अक्षरें स्वच्छ ठेवितात, जणूं लढाईंत कोणी तीं पुसून जात होता. डिसेंबरांत बसंतरच्या पात्रांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाट काढीत गेलेल्या गाडीच्या खालच्या अंगावर जो चिखल दाखवावयाचा, त्याचाच एक पातळ हात नांवाच्या अक्षरांवरूनही फिरवावा. अक्षरें मात्र वाचतां आलीं पाहिजेत.